वेस्टच्या पाइपाखालचं अळू

मे महिन्यात आमच्याकडे पाणी कमी झालं म्हटलं की कुणी दचकत नाही. विहिरीतलं कमी होतं, बोअरचं कमी होतं, माठातलं तर बघता बघता कमी होतं. त्यामुळे पोहण्याच्या टाकीतलं पाणी रोज दोन बोटं उतरतंय हे दिसत असूनही मी ते तीन आठवडे उन्हाच्या नावावर खपवलं. भुसावळचा पारा ४५ च्या वर गेल्याचं रोज ऐकत होतो, आणि आम्ही तिथून काही लांब नाही. ऊन पाणी पितंय, पिऊ दे, असं म्हणत मी सकाळी बोअरची नळी टाकीत सोडायची, पातळी भरली की बंद करायची आणि दुसऱ्या कामाला लागायची.

आमचं शेत यावल तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. पुण्याला नोकरीला जाण्याआधी मुलानं हौसेनं शेतघराशेजारी ही टाकी बांधून घेतली. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, खोली सरासरी १.२ मीटर, म्हणजे ६० हजार लिटर. सुट्टीच्या दिवशी भुसावळ-जळगावकडची कुटुंबं येतात, पोरं दिवसभर डुंबतात, मोठी माणसं शेवभाजी हाणून आंब्याखाली लवंडतात. पैसा बेताचाच सुटतो, पण घर भरल्यासारखं वाटतं. वाटणी अशी, की केळी ह्यांच्याकडे आणि टाकी माझ्याकडे. क्लोरीन किती, पीएच किती, बॅकवॉश म्हणजे फिल्टरची उलट्या पाण्यानं धुलाई कधी, हे सगळं मी मुलाकडून फोनवर शिकले. पाण्याच्या तपासणीचं किट आता माझ्या मिसळणाच्या डब्याशेजारीच असतं.

टाकीचं पाणी जिरतंय की उडतंय हा प्रश्न पहिल्यांदा ह्यांनी विचारला, तोही जेवता जेवता. म्हणाले, "रोज किती भरतेस?" मी बोटांनी दाखवलं. त्यांनी ताटात बोट फिरवत हिशेब केला. ५० चौरस मीटरचं तोंड, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५०० लिटर गेले. चार सेंटिमीटर उतरत असेल तर दोन हजार. मग ते जेवायचे थांबले. उन्हाळ्यात केळीच्या एका झाडाला ठिबकनं दिवसाला वीस-बावीस लिटर पाणी लागतं. म्हणजे मी रोज नव्वद-शंभर झाडांचं पाणी टाकीत ओतत होते. यावल-रावेर पट्ट्यात भूजल कुठे गेलंय हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. बोअर घेताना किती कांडी पाइप लागला हे माणसं लग्नाच्या आहेराइतकं लक्षात ठेवतात. त्यात आमची टाकी आधीच गावात चर्चेचा विषय. "पाणी नाही म्हणून रडता आणि पोहायला बरं पाणी मिळतं," असं कुणीतरी पारावर बोललेलं आमच्यापर्यंत आलेलं होतंच.

मी घाबरले आणि घाबरल्यावर माणूस करतो तेच केलं. एका जाणकाराला बोलावलं. त्यानं टाकीला एक फेरी मारली, दोन टाइल्सवर बोटाची टिचकी मारून आवाज ऐकला आणि सांगितलं की पाणी तळातून जिरतंय, टाकी रिकामी करा, सगळ्या फटी उकरून वॉटरप्रूफिंग करू, खर्च ३८ हजार. फिल्टरकडे त्यानं बघितलंही नाही. मी आगाऊ रक्कम द्यायला तयार झाले होते. हे म्हणाले, "आधी मोजू. न मोजता आपण खतही टाकत नाही."

मोजायची युक्ती मुलानं सांगितली. टाकीच्या पायरीवर प्लॅस्टिकची बादली ठेवायची, तळाशी वीट घालायची म्हणजे ती तरंगणार नाही, आणि तिच्यात टाकीचंच पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरायचं. मग बादलीच्या आतून एक आणि बाहेरून एक अशी चिकटपट्टी पाण्याच्या रेघेवर लावायची. ऊन दोघांवर सारखंच पडतं, वारा सारखाच लागतो. उडणारं पाणी बादलीतूनही उडणार. दोन्हीकडे सारखं उतरलं तर ऊन दोषी, बाहेर जास्त उतरलं तर गळती आहे.

सोमवारी पोरंबाळं नसतात. त्या दिवशी टाकीचं पाणी फिल्टरमधून फिरवणारी मोटर नेहमीसारखी सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास चालवली. चोवीस तासांनी बादलीत एक सेंटिमीटर उतरलं होतं, टाकीत चार. मंगळवारी मोटर अजिबात लावली नाही. क्लोरीन हातानंच कालवून सगळीकडे फिरवलं. बुधवारी सकाळी पट्ट्या बघितल्या तर बादलीत एक आणि टाकीतही एकच. मी दोनदा फूटपट्टी लावली, मग ह्यांना बोलावून त्यांच्याकडून लावून घेतली.

टाकी ठणठणीत होती. पाणी फक्त मोटर चालू असताना जात होतं. म्हणजे ३८ हजारांचं ते भोक तळाला नव्हतंच. रोज दीड हजार लिटर पाणी पाइपांतून कुठेतरी बाहेर पडत होतं.

कुठे, ते शोधायला अर्धा तास लागला. पंपाच्या खोलीतले सांधे कोरडे, टाकीकडे परत जाणारा पाइप कोरडा, फिल्टरच्या बुडाचं बूच कोरडं. मग मी वेस्टच्या पाइपामागे निघाले. बॅकवॉशचं घाण पाणी बाहेर टाकायचा हा पाइप खोलीच्या मागून, कुंपणाच्या कडेनं जातो आणि नाल्याच्या तोंडाशी सुटतो. तिथं आमच्या आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, अळू लावलंय. मेच्या त्या रखरखाटात, जिथं कुंपणाची मेंदीसुद्धा पिवळी पडली होती, तिथं अळूची पानं सुपाएवढी झाली होती. बेडूक होते. मी आठ-दहा दिवसांपूर्वीच त्या पानांच्या वड्या केल्या होत्या आणि आबांचं कौतुकही केलं होतं. पाइपाच्या तोंडातून करंगळीएवढी धार शांतपणे वाहत होती.

१५ लिटरची बादली लावून घड्याळ पाहिलं. साडेतीन मिनिटांत भरली. सहा तासांचा हिशेब केला तर तेच दीड हजार लिटर. इतका तंतोतंत जुळलेला हिशेब मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. किराणावाल्याचाही जुळत नाही.

आता हा पाइप फक्त बॅकवॉशच्या वेळी वाहायला हवा. मग फिल्टर चालू असताना त्यात पाणी येतं कुठून? हे मला आमच्या ठिबकवाल्या भाऊंनी फोनवर दोन वाक्यांत सांगितलं. "वहिनी, तुमच्या केळीच्या सँड फिल्टरला बॅकवॉशचा कॉक नीट बसला नाही तर बाहेरच्या पाइपातून पाणी गळतं की नाही? हे तेच. फक्त तुमच्या टाकीला चार कॉकांचं काम एकाच डोक्यात घातलंय, त्याच्या आतलं रबर गेलं असंल."

ते डोकं म्हणजे मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह. पंपाच्या खोलीत दीड एचपीची मोटर आणि तिच्याशेजारी पोट सुटलेल्या रांजणासारखा २४ इंची फिल्टर आहे. आत साधारण दीडशे किलो वाळू. त्याच्या डोक्यावर हा व्हॉल्व्ह बसलेला. वर एक हँडल आणि त्याची सहा घरं: फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट, रिसर्क्युलेट, क्लोज्ड. हँडल दाबून फिरवलं की आतली चकती फिरते आणि पाण्याच्या वाटा बदलते. फिल्टरच्या घरावर पाणी वाळूच्या वरून खाली जातं, गाळून टाकीत परततं. बॅकवॉशला ते उलटं, वाळूच्या खालून वर येतं, साचलेली घाण उचलतं आणि वेस्टनं बाहेर जातं. या सगळ्या वाटा एकाच डब्यात शेजारी शेजारी असतात. एकीतलं पाणी दुसरीत जाऊ नये म्हणून चकती आणि डबा यांच्यामध्ये एक रबराचं गॅस्केट असतं, बैलगाडीच्या चाकासारखं. बाहेर धाव, मध्ये तुंबा, आणि तुंब्यापासून धावेपर्यंत आरे. इंग्रजीत त्याला कोळी म्हणतात, म्हणून दुकानात स्पायडर गॅस्केट मागायचं. आमच्याकडे बैलगाडीचं चाक म्हटलं की पटकन कळतं. एक आरा झिजला किंवा खाचेतून उठला, की शेजारच्या दोन वाटा एक होतात.

मग मागच्या महिन्याभरातल्या बारीकसारीक गोष्टींचा उलगडा झाला. बॅकवॉश केल्यावर टाकीच्या तळाशी, पाणी परत येतं त्या तोंडासमोर, बारीक मातीचा थर दिसायचा. मी पोरांच्या पायांना दोष द्यायची. क्लोरीन नेहमीपेक्षा जास्त लागायचं. साहजिकच आहे, रोज दीड हजार लिटर कोरं पाणी येत होतं. वेस्टच्या पाइपावर व्हॉल्व्हशेजारी एक काचेचं बोंडूक असतं, त्यातून पाणी दिसावं म्हणून. आमचं इतकं पांढरट झालं होतं की त्यात मला कधीच काही दिसलं नाही. दिसत नाही म्हणून मी बघणंही सोडलं होतं.

गॅस्केट मिळवण्यात नऊ दिवस गेले, त्यातली वैतागाची गोष्ट थोडक्यात सांगते. जळगावला एमआयडीसीत एका रबरवाल्याकडे गेले. तो म्हणाला शिटमधून कापून देतो, दोन तासांत. मी हो म्हणणार होते, पण ह्यांनी फोनवर विचारलं, "त्याच्या आऱ्याला धार आहे का?" मूळ गॅस्केटचा आरा चपटा नसतो. खालून सपाट आणि वरून निमुळता, छपरासारखा. चकती त्या टोकावर दाबून बसते म्हणून पाणी अडतं. शिटमधून कापलेलं सगळीकडे सपाट असतं, ते दाबायला स्प्रिंग पुरत नाही. म्हणून व्हॉल्व्हवरचा नंबर आणि दीड इंच हे माप कळवून मागवलं. पहिलं आलं ते दोन इंची व्हॉल्व्हचं. परत पाठवलं. दुसरं आलं ते बरोबर होतं. किंमत साडेतीनशे रुपये, सोबत सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब आणि झाकणाची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, वेगळी घेतली.

मधल्या दिवसांत सालदार म्हणाला वेस्टच्या तोंडाला ठिबकचा एंड कॅप ठोकून देऊ, पाणी बंद. सुचलं बरोबर, पण मी नको म्हटलं. कॅप आहे हे विसरून कुणी बॅकवॉश लावला तर मोटरचं सगळं पाणी बंद पाइपावर आपटेल आणि काहीतरी फुटेल. त्याऐवजी पाइपाखाली दोनशे लिटरचा ड्रम ठेवला, मोटर निम्मा वेळ चालवली आणि ते पाणी ओटा धुवायला, गोठ्याला वापरलं. अळूलाही पोचत होतंच.

गुरुवारी पहाटे सहाला काम काढलं. पंपाच्या खोलीवर पत्रा आहे, दहानंतर आत उभं राहवत नाही. मी, हे आणि सालदार. आदल्या संध्याकाळी मी व्हॉल्व्हचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवले होते. ही एकच गोष्ट मी त्या दिवशी शहाणपणाची केली असं नंतर कळलं.

पहिलं काम विजेचं. शेतातल्या मोटरींना आमच्याकडे ऑटो स्टार्टर असतो. लाइट कधी येईल सांगता येत नाही, रात्री-बेरात्री आली तरी मोटर आपली आपण चालू व्हावी म्हणून. मुलानं टाकीच्या मोटरीलाही तोच लावलाय. आम्ही ऑटोचा खटका खाली केला, एमसीबी पाडला आणि वर ह्यांनी फ्यूजही काढून खिशात घातला. मग फिल्टरवरचं हवेचं बूच सैल करून दाब सोडला, सूं करून हवा निघाली आणि गेजचा काटा शून्यावर आला. बुडाचं बूच काढून पाच-सहा बादल्या पाणी काढलं, म्हणजे झाकण उघडल्यावर वर पाणी उसळणार नाही.

सालदारानं उत्साहात पहिला पाना लावला तो व्हॉल्व्ह आणि फिल्टरच्या मानेला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पला. ह्यांनी त्याचा हात धरला. तो क्लॅम्प सोडायचा नसतो. गॅस्केट बदलायला व्हॉल्व्ह फिल्टरवरून उतरवावा लागत नाही, फक्त वरचं झाकण निघतं. आणि आत दाब असताना तो क्लॅम्प कुणी सोडला तर अख्खं डोकं उडून माणसाच्या तोंडावर येतं. आमचा दाब सोडलेला होता, तरी सवय लागायला नको.

झाकणाला सहा बोल्ट. बारा-तेराच्या पान्यानं समोरासमोरचे थोडे थोडे सैल केले, कारण आत जाडजूड स्प्रिंग दाबून बसलेली असते. मी मार्करनं झाकण आणि डबा यांच्यावर एक सलग रेघ मारली होती, परत बसवताना जुळावी म्हणून. शेवटचा बोल्ट निघाल्यावर झाकण टुणकन अर्धा इंच वर आलं. हँडल, स्प्रिंग आणि चकती एकत्रच बाहेर काढली आणि जुन्या पोत्यावर उपडी ठेवली.

खाली, डब्याच्या खाचांत, आमचं चाक बसलेलं होतं. आबाही तोवर येऊन डोकावत होते. पाच आरे आपापल्या खाचेत होते, पण बोट फिरवलं तर धार कुठेच नाही, सगळे चपटे आणि चामड्यासारखे ताठ. सहावा, फिल्टर आणि वेस्ट यांच्या मधला, खाचेतून उठून नखभर बाहेर आला होता. त्याची कड कुरतडल्यासारखी आणि खाली वाळूचे कण अडकलेले. चकती दर वेळी फिरताना त्याच्यावरून घासत गेलेली.

"हा असा उपटला कसा?" हे म्हणाले. झिजलं ते वयानं झिजलं, हे दिसतच होतं. पण आरा खाचेतून उठतो तो बहुतेक वेळा हँडल पाण्याच्या दाबाखाली फिरवलं म्हणून. मोटर चालू असताना घर बदललं की चकती वर उचलल्या उचलल्या पाणी तिच्याखाली घुसतं आणि रबर ओढून काढतं. म्हणून मोटर बंद केल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही, हे मी सगळ्यांना शंभरदा सांगितलेलं.

सालदार बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वहिनी, मी मोटर चालू असताना नाही फिरवलं. लाइट गेलेली व्हती. मले वाटलं आता बरं हाये, बॅकवॉश लावून ठेवू. अर्ध्यात व्हतो नं लाइट आली."

ऑटो. लाइट आली, मोटर आपली आपण चालू झाली, आणि हँडल दोन घरांच्या मधे. त्यानं घाबरून ते तसंच पुढे रेटलं होतं. मला रागावताच येईना. नियम त्यानं पाळला होता. मोटर बंदच होती, फक्त बंद केलेली नव्हती. आबा म्हणाले, "जाऊ दे नं भो, रबरच हाये."

जुनं गॅस्केट निघालं पण खाचांत कारखान्यातला गोंद चिकटून राहिला. तो काढल्याशिवाय नवं सपाट बसत नाही. मी शहाणपणा करून नेलपॉलिश काढायची बाटली आणली. कापसाचा बोळा फिरवला तर गोंद सुटला, पण बोळ्याला पांढरा चिकट लगदाही आला. तो गोंदाचा नव्हता. व्हॉल्व्हचं प्लॅस्टिक एबीएस असतं आणि नेलपॉलिशच्या त्या पाण्यात ॲसिटोन असतं, ते एबीएसला विरघळवतं. खाचेचा एक कोपरा बोटाला चिकट लागायला लागला. मी लगेच थांबले, पाण्यानं धुतलं, फॅनखाली वाळवलं. नशिबानं फक्त वरचा पापुद्रा गेला. बाकीचा गोंद मग बांबूची कमची तासून, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन काढला. पाऊण तास लागला. लोखंडी पेचकसानं पाच मिनिटांत निघाला असता, पण खाचेला ओरखडा पडला तर पाण्याला तेवढीही वाट पुरते.

त्याच भरात मी झाकणावरचे डागही त्याच बोळ्यानं पुसले होते. त्यात माझी मार्करची रेघ गेली. हे माझ्या लक्षात यायला अजून दोन तास होते.

नवं गॅस्केट बसवणं हे सगळ्यात सोपं निघालं. सपाट बाजू खाली खाचेत, धारेची बाजू वर. आधी कोरडंच बसवून बघितलं, सहाही आरे आणि धाव बिनओढीची बसते का. मग उचलून खाचेत फेव्हिक्विकचे अगदी बारीक थेंब, दोन-दोन बोटांवर एक, आणि तुंब्यापासून बाहेर दाबत गेले. गोंद जास्त झाला तर तो वर येऊन कडक होतो आणि त्याचाच उंचवटा होतो. तासभर हात लावला नाही. तेवढ्यात चहा झाला, आबांनी जुनं गॅस्केट हातात घेऊन मुलाला व्हिडिओ कॉल केला आणि बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून कशी चढवायचे ते सांगितलं. मुलगा ऑफिसात होता.

झाकणाच्या ओ-रिंगला आणि हँडलच्या दांड्याच्या ओ-रिंगला ग्रीस लावायचं होतं. सालदार ट्रॅक्टरच्या ग्रीसचा डबा घेऊन आला. ते खनिज तेलाचं असतं, त्यानं हे रबर फुगतं आणि मऊ पडतं. म्हणून सिलिकॉनचंच लावायचं, तेही बोटाला लागेल इतकंच. ट्रॅक्टरचं ग्रीस त्यानं जाताना खोलीच्या दाराच्या बिजागऱ्यांना लावलं, दार आता कुरकुरत नाही.

झाकण बसवलं, बोल्ट समोरासमोर आवळले. एक फार आणि एक कमी असं करायचं नाही, नाहीतर झाकण वाकडं बसतं. प्लॅस्टिकचे आटे असतात, जोर केला तर तेच फिरतात. एमसीबी वर केला, हँडल फिल्टरवर ठेवलं, मोटर लावली. मी पळत पाइपाच्या तोंडाशी गेले. करंगळीएवढी धार नव्हतीच. मनगटाएवढा लोट होता. अळूची चार पानं आडवी झाली आणि आबा ओरडले.

मोटर बंद केली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी झाकणाकडे. रेघ नव्हती. काही व्हॉल्व्हना झाकण एकाच जागी बसेल अशी खाच असते, आमच्याला नाही. सहा बोल्ट आणि सहा घरं, एक भोक सरकलं की एक घर सरकतं. वर हँडल फिल्टर सांगत होतं आणि आत चकती वेस्टवर होती. बरं झालं वेस्टवरच होती. दुसरीकडे सरकून क्लोज्डवर असती तर मोटरीला पाणी टाकायला वाटच राहिली नसती. मग आदल्या संध्याकाळचा फोटो काढला. पंपाच्या पाइपासमोर हँडलचं कोणतं घर होतं ते बघितलं, सगळं परत सोडलं, गॅस्केट जागेवर आहे ना बघितलं आणि एक भोक फिरवून बसवलं. या वेळी रेघ मार्करनं नाही, चाकूच्या टोकानं मारली.

दुसऱ्यांदा आधी बॅकवॉशवर चालवलं, उघडझाप करताना जी वाळू-माती इकडे तिकडे गेली असेल ती बाहेर जावी म्हणून. दोन-तीन मिनिटं, पाणी नितळ होईपर्यंत. मोटर बंद. रिन्सवर अर्धा मिनिट. मोटर बंद. मग फिल्टर. गेज ०.८ बारवर स्थिरावला, स्वच्छ फिल्टरला आमच्याकडे तो तिथंच असतो. तिथून अर्धा बार वर चढला की मी बॅकवॉश करते. पाइपाच्या तोंडातून उरलेलं पाणी थेंब थेंब पडलं, थेंबांमधलं अंतर वाढत गेलं, आणि मग पडलंच नाही. आम्ही तिघं ऊन डोक्यावर घेऊन त्या कोरड्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. साडेअकरा वाजले होते.

त्याच दिवशी टाकीच्या ऑटोची वायर ह्यांनी काढून टाकली. आता लाइट आली की मोटर मी माझ्या हातानं लावते. काचेचं बोंडूक नवं बसवलं, चाळीस रुपयांचं. त्यात पाणी दिसतं की नाही हे सालदार रोज सकाळी मला आवाज देऊन सांगतो, विचारलं नाही तरी.

शनिवारी भुसावळची मंडळी आली, पोरांनी टाकी ढवळून काढली, रविवारी रात्री मी बादली पायरीवर ठेवली. सोमवारी रात्री आत एक सेंटिमीटर, बाहेर एक सेंटिमीटर.

आठवड्यानं आबा ओसरीवर येऊन बसले. अळू माना टाकतंय म्हणाले. सुपाएवढी पानं कडेनं करपली होती, बेडूक नाल्यात उतरले होते. ह्यांनी न बोलता ठिबकची एक नळी वीस फूट लांबवली आणि दोन ड्रीपर अळूत सोडले, दर तासाला चार लिटरचे. आबांनी ते बसून मोजलं. म्हणाले, "आधी याच्यापेक्षा जास्त येत व्हतं."